वाळू गेली, मग गाव गेलं

२६ जानेवारी १९१७. पहिलं महायुद्ध चालू होतं, त्यामुळे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका मच्छीमारांच्या वस्तीचं त्या रात्री काय झालं, याकडे फार कोणाचं लक्ष गेलं नाही. डेव्हन परगण्यातलं हे गाव, नाव हॉलसँड्स. मागे उंच कडा, पुढे समुद्र आणि मधल्या अरुंद खडकावर दाटीवाटीने बांधलेली घरं. त्या दिवशी पूर्वेकडून वादळी वारा सुटला होता आणि नेमकी मोठी भरती होती. संध्याकाळनंतर लाटा भिंत ओलांडून थेट घरांवर आदळायला लागल्या. लोक पोराबाळांना घेऊन अंधारात कडा चढून वर गेले. जीव कोणाचा गेला नाही. पण ते वर्ष संपलं तेव्हा हॉलसँड्समध्ये राहण्याजोगं एकच घर उरलं होतं.

'वादळात गाव वाहून गेलं' असं एका ओळीत सांगून ही गोष्ट संपवता येते. बरीच वर्षं ती तशीच सांगितली गेली असणार. मला मात्र त्या रात्रीपेक्षा तिच्या आधीची वीस वर्षं महत्त्वाची वाटतात. आज जगभर वाळूवरून जे चाललंय, कंबोडियाच्या खाड्यांपासून आपल्या भीमा-गोदावरीपर्यंत, त्याचा जवळजवळ सगळा नकाशा त्या वीस वर्षांत काढून ठेवलेला आहे.

समोरचा किनारा

१८९१ च्या जनगणनेत हॉलसँड्समध्ये ३७ घरं होती आणि १५९ माणसं. खेकडे आणि मासे पकडायचे, विकायचे, हा धंदा. गावात 'लंडन इन' नावाची एक खानावळवजा दारूची जागा. वादळं पिढ्यान्‌पिढ्या येत होती आणि गाव जागेवर होतं. कारण घरांच्या पुढे वाळू आणि बारीक गोट्यांचा रुंद, जाड किनारा होता. लाट यायची, त्या उतारावर फुटायची, तिचा जोर गोट्यांमध्येच जिरायचा, आणि पाणी घरापर्यंत आलंच तर दमून यायचं. किनाऱ्यावर लोक होड्या ओढून ठेवत, जाळी वाळवत. त्या पलीकडे तो काही करतोय, असं कोणाच्या मनात यायचं कारणच नव्हतं.

त्याच सुमारास ब्रिटिश नौदलाने प्लिमथजवळची कीहमची गोदी वाढवायला घेतली. जहाजं मोठी होत होती, गोदीही मोठी हवी होती. काँक्रीट लागणार होतं आणि काँक्रीटला वाळू-खडी. कंत्राटदार सर जॉन जॅक्सन यांना हॉलसँड्स आणि शेजारच्या बीसँड्ससमोरचा माल उचलायची परवानगी सरकारच्या व्यापार मंडळाने दिली. एप्रिल १८९७ मध्ये ड्रेजर येऊन उभे राहिले. दिवसाला १,६०० टनांपर्यंत माल उचलला जायला लागला.

गावकऱ्यांनी तक्रार केली. चौकशी झाली. निष्कर्ष निघाला की गावाला मोठा धोका दिसत नाही. मच्छीमारांच्या धंद्याचं नुकसान होईल म्हणून त्यांना थोडी रक्कम द्यायचं ठरलं. काम चालू राहिलं.

आणि किनारा खाली जायला लागला. समुद्राच्या तळातून काढलेल्या खड्ड्यात वरचा गोटा घसरत होता आणि भरतीचं पाणी दर हिवाळ्यात थोडं जवळ येत होतं. १९०० साली वादळात बंधाऱ्याची भिंत फुटायला लागली. नोव्हेंबरमध्ये लोकांनी आपल्या खासदाराकडे अर्ज केला. पुढच्या मार्चमध्ये स्थानिक परिषदेने रस्ता खचल्याचं पत्र लिहिलं. सप्टेंबर १९०१ मध्ये नवा निरीक्षक आला आणि त्याने सांगितलं की मोठं वादळ आलं तर गंभीर नुकसान होईल, उपसा थांबवा. ८ जानेवारी १९०२ ला परवाना रद्द झाला. तोपर्यंत सुमारे साडेसहा लाख टन माल गेला होता.

उपसा थांबल्यावर किनारा थोडा भरल्यासारखा दिसला. लोकांना वाटलं, समुद्राने नेलेलं समुद्रच परत देईल. इथे प्लिमथचे अभियंते आर. हॅन्सफर्ड वर्थ यांनी केलेलं काम कळीचं ठरतं. त्यांनी या किनाऱ्याची मोजमापं घेतली आणि दाखवून दिलं की हा माल परत येणारा नाही. तिथला गोटा बहुतांशी गारगोटीचा आहे आणि आसपासच्या कड्यांचा दगड वेगळा आहे. म्हणजे हे गोटे त्या कड्यांतून झिजून आलेले नव्हते. हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढताना तळावरचा माल ढकलला जाऊन किनाऱ्याला लागला, तो हा साठा. हजारो वर्षांपूर्वी एकदाच मिळालेला. नौदलाने तो पाच वर्षांत गोदीत ओतला होता.

पुढच्या हिवाळ्यांत काही घरं पडली. नव्या भिंती बांधल्या गेल्या. भिंतींच्या आधाराने गावाने आणखी काही वर्षं काढली आणि मग १९१७ ची ती रात्र आली. नुकसानभरपाईसाठी लोकांना त्यानंतर सात वर्षं झगडावं लागलं. उरलेल्या एकाच घरात एलिझाबेथ प्रेटजॉन नावाची बाई एकटी राहत राहिली, १९६४ पर्यंत. आजही कड्यावरच्या चौथऱ्यावरून खाली पडक्या भिंती दिसतात.

परवाना, चौकशी, 'धोका नाही' असा शेरा, थोडी भरपाई, अर्ज, उशिरा आलेली बंदी, बंधाऱ्याची भिंत आणि शेवटी 'नैसर्गिक आपत्ती'. हा क्रम लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

इतकी वाळू जाते कुठे?

आत्ता तुम्ही जिथे बसून हे वाचताय, तिथे हाताच्या अंतरावर वाळू असण्याची शक्यता खूप आहे. भिंतीत, स्लॅबमध्ये, खालच्या रस्त्यात. हातातल्या फोनची काचही वाळूचीच. काँक्रीटमध्ये सिमेंट फक्त चिकटवायला असतं, बाकी बहुतेक भरणा वाळू आणि खडीचा.

१८२४ साली जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. त्याच शतकात काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या घालायची युक्ती सापडली आणि विसाव्या शतकाने घर बांधायची जगभरची पद्धतच बदलून टाकली. मुंबईत १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळी हा आपल्याकडचा त्याचा एक जुना नमुना. खेड्यात हा बदल नंतर आला. माळवदाचं घर म्हणजे लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा थर. त्याला वाळू फारशी लागत नसे. मग 'स्लॅबचं घर' ही ऐपतीची खूण झाली. माळवद पावसाळ्यात गळायचं, दरवर्षी डागडुजी मागायचं, त्यामुळे लोकांनी स्लॅब मागितला यात चूक काहीच नव्हती. पण एकेका घरामागे नदीवरून किती ट्रॉल्या आल्या, याची बेरीज कोणी ठेवली नाही.

जगाची बेरीज आता थोडीफार झाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार माणूस दरवर्षी सुमारे ५,००० कोटी टन वाळू-खडी वापरतो. पृथ्वीभोवती २७ मीटर रुंद आणि २७ मीटर उंच, म्हणजे साधारण नऊमजली भिंत बांधता येईल इतकी. पाण्याखालोखाल माणूस सगळ्यात जास्त वापरतो ती हीच वस्तू.

मग वाळवंटं आहेत की, असं वाटेल. पण वाळवंटातली वाळू वाऱ्याने घासून गुळगुळीत आणि फार बारीक झालेली असते. काँक्रीटला कोनेदार, कमी-जास्त आकाराचे, एकमेकांत अडकणारे कण लागतात. ते नदीपात्रात आणि काही किनाऱ्यांवर मिळतात. माणसंही नेमकी तिथेच राहतात. त्यामुळे वाळू काढणं म्हणजे बहुतेक वेळा कोणाच्या तरी दारासमोरून काढणं.

दुसऱ्याच्या बेटावरचा भराव

हॉलसँड्सचा माल थोड्या अंतरावरच्या गोदीत गेला होता. शतकाच्या शेवटापर्यंत हे अंतर देशांच्या सीमा ओलांडून गेलं.

सिंगापूर १९६५ साली स्वतंत्र झालं तेव्हा त्याचं क्षेत्रफळ ५८० चौरस किलोमीटरच्या आसपास होतं. आज ते ७३० च्या पुढे आहे. युद्ध नाही, कोणाचा प्रदेश जिंकलेला नाही, फक्त समुद्रात भराव. चांगी विमानतळाचा मोठा भागही भरावावर आहे. घराघरात पाणी, सरकारी घरं, जगातलं एक मोठं बंदर, हे सगळं या छोट्या देशाने उभं केलं, आणि त्यासाठी जागा लागत होती. पण इतका भराव त्याच्या स्वतःच्या हद्दीत कुठून मिळणार?

शेजाऱ्यांकडून आला. मलेशियाने १९९७ मध्ये वाळूची निर्यात थांबवली. मग भार इंडोनेशियाच्या रियाऊ बेटांवर आला. तिथलं निपा नावाचं छोटंसं बेट भरतीच्या वेळी जवळजवळ दिसेनासं झालं. हे बेट म्हणजे दोन देशांमधली सागरी हद्द मोजायचा एक बिंदू होता. बेट गेलं तर हद्दीचाच प्रश्न. शेवटी इंडोनेशियाला स्वतःच्या खर्चाने त्या बेटावर भराव टाकून ते वाचवावं लागलं. २००३ मध्ये समुद्री वाळूच्या आणि २००७ मध्ये सगळ्याच वाळूच्या निर्यातीवर इंडोनेशियाने बंदी घातली. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने समुद्रतळातला गाळ विकण्याचा मार्ग पुन्हा मोकळा करायचा निर्णय घेतला आणि देशात मोठा वाद झाला.

पुढचा नंबर कंबोडियाचा. कोह काँग प्रांतातल्या खाड्यांमध्ये ड्रेजर शिरले. तिथले लोकही खेकडे पकडणारे. खारफुटीच्या कडा ढासळल्या, खेकडे कमी झाले, काहींनी होड्या विकून शहराची वाट धरली. मग एक विचित्र गोष्ट उघडकीला आली. साधारण दहा वर्षांत कंबोडियातून सात कोटी टनांहून जास्त वाळू आल्याची नोंद सिंगापूरच्या बाजूला होती. कंबोडियाच्या बाजूला नोंद होती तीस लाख टनांपेक्षा कमी. एकच वाळू, एकच जहाज, पण निघताना जवळपास नव्हतीच आणि पोचताना डोंगराएवढी. २०१७ मध्ये कंबोडियाने निर्यात बंद केली.

या आकड्यांकडे मी बऱ्याचदा परत येते. भ्रष्टाचार तर यात दिसतोच. पण वाळूची नोंद कुठे होते हेही दिसतं. ती जिथे पोचते तिथे बांधकाम असतं, कर असतो, इंजिनियर असतो, म्हणून तिथे ती मोजली जाते. जिथून निघते तिथे ती फक्त कमी होते.

नदी खाली गेली, पूल वरच राहिला

समुद्रकिनाऱ्यावर वाळू भिंतीचं काम करत होती. नदीत तिचं काम वेगळं असतं, आणि ते गेल्यावर काय होतं हे पोर्तुगालमध्ये एका रात्रीत दिसलं.

डोरो नदीवर एन्त्र-उस-रिउस या गावाजवळ एकोणिसाव्या शतकातला हिंत्झे रिबेरो पूल होता. ४ मार्च २००१ च्या रात्री, पावसाने फुगलेल्या नदीत या पुलाचा एक खांब खचला. त्या वेळी पुलावरून एक बस आणि तीन मोटारी जात होत्या. बसमधले लोक बदामाच्या झाडांचा बहर बघून घरी परतत होते. ५९ माणसं गेली. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मंत्र्यांनी लगेच राजीनामा दिला. कारणं शोधली तेव्हा वर्षानुवर्षांच्या वाळूउपशाचा मुद्दा समोर आला. पात्र खाली खाली जात राहिलं होतं आणि खांबाच्या पायाभोवतीचा आधार निघून गेला होता. अभियंत्यांवर खटला चालला, २००६ मध्ये ते निर्दोष सुटले.

कोणी एकाने तो पूल पाडला नव्हता. हजारो बोटींनी थोडी थोडी वाळू नेली होती. त्यातली कुठली खेप जास्तीची होती, हे कोर्टात कसं सिद्ध करणार?

चीनमध्ये तर एक बंदीच दुसऱ्या जागेवर उलटली. २००० साली यांगत्से नदीच्या मुख्य पात्रात वाळूउपशाला मनाई झाली आणि बोटी पोयांग सरोवराकडे वळल्या. सरोवरातून पाणी बाहेर पडायची वाट खणून इतकी खोल झाली की हिवाळ्यात पाणी लवकर निघून जायला लागलं. सायबेरियातून येणारे क्रौंच याच सरोवरात हिवाळा काढतात. मागणी तशीच ठेवून एका ठिकाणी बंदी घातली की उपसा शेजारी सरकतो. सिंगापूरच्या शेजाऱ्यांच्या बाबतीतही तेच झालं होतं.

'गौण'

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडच्या गोष्टीची सुरुवात एका शब्दापासून करावी लागते.

खाणी आणि खनिजांचा आपला केंद्रीय कायदा १९५७ चा. त्यात खनिजांचे दोन वर्ग आहेत. कोळसा, लोखंड वगैरे मोठी खनिजं. आणि 'गौण खनिजं', ज्यात इमारतीचा दगड, मुरूम, साधी माती आणि साधी वाळू. गौण खनिजांचे नियम राज्यांनी करायचे. म्हणून महाराष्ट्रात वाळू हा महसूल खात्याचा विषय झाला. वाळूघाटाचा लिलाव, रॉयल्टी, पावती, आणि चोरी झाली तर तलाठ्याचा पंचनामा आणि तहसीलदाराचा दंड. मोजायचं माप ब्रास, म्हणजे १०० घनफूट.

१९५७ मध्ये हे वर्गीकरण करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तेव्हा वाळू बैलगाडीने यायची, घमेल्याने भरायची. माणसाच्या पाठीची ताकद हीच उपशाची मर्यादा होती. पुढे जेसीबी आला, सक्शन पंप आला, हायवा आला. मर्यादा गेली आणि शब्द तसाच राहिला. जगात सगळ्यात जास्त उपसलं जाणारं घन खनिज आपल्या कायद्यात अजून 'गौण' आहे.

त्या शब्दाचा परिणाम कागदावर बघा. पाच हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्याला पर्यावरण परवानगी लागत नसे. मग मोठा घाट तोडून पाच हेक्टरच्या आतले तुकडे करायचे. अखेर फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लहान पट्ट्यालाही ही परवानगी लागेल. म्हणजे कायदा झाल्यावर ५५ वर्षांनी.

त्याआधी महाराष्ट्रात जी थोडीफार हालचाल झाली ती लोकांच्या रेट्याने. २००४ मध्ये अलिबागजवळच्या किहीमच्या किनाऱ्यावर चाललेला उपसा अडवायला गेलेल्या सुमैरा अब्दुलअली यांना मारहाण झाली. 'आवाज फाउंडेशन' या त्यांच्या संस्थेने कोर्टाची वाट धरली आणि २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खाड्या-किनाऱ्यांवरच्या उपशाला मनाई केली.

याच खाड्यांमध्ये आणखी एक जग होतं. ठाणे-रायगडकडे त्याला 'डुबी' म्हणतात. होडी खाडीत उभी करायची, माणसाने बांबूच्या आधाराने तळाशी जायचं, बादलीत वाळू भरायची आणि वर यायचं. पाठीवर ऑक्सिजन नाही, डोळ्यांवर चष्मा नाही. गढूळ पाण्यात हाताने चाचपायचं. दिवसातून किती वेळा ते त्याच्या दमावर. मुंबई-ठाण्यातल्या कितीतरी इमारतींत ही श्वास रोखून काढलेली वाळू आहे. सक्शन पंप आल्यावर त्यांचंही काम गेलं. वाळूच्या धंद्यात सगळ्यात खाली असलेला माणूस असा दोन्हीकडून मरतो. उपसा चालू असताना अंगाने, बंद झाला की पोटाने.

वाळवंट आणि झिरा

माझं आजोळ भीमेकाठचं, सोलापूर जिल्ह्यातलं. 'वाळवंट' म्हटलं की आमच्याकडे राजस्थान आठवत नाही, पंढरपूर आठवतं. चंद्रभागेचं वाळवंट, जिथे वारकरी टेकतात, कीर्तन चालतं, माणसं झोपतात. अख्ख्या भक्तिपरंपरेचं अंगण म्हणजे नदीने आणून टाकलेली वाळू. आणि आज त्याच वाळवंटातले उपशाचे खड्डे, त्यांत बुडण्याचा धोका, रात्री पकडलेली वाहनं, हे पंढरपूरच्या बातम्यांमधले नेहमीचे विषय आहेत.

आजी झिऱ्याबद्दल सांगायची. उन्हाळ्यात नदी आटली, की बायका कोरड्या पात्रात जायच्या आणि वाळूत हातभर उकरायच्या. हळूहळू तळाला पाणी झिरपायचं. वाटीने घागर भरायची. पाणी गाळून घ्यायची गरज नसायची, कारण ते वाळूनेच गाळलेलं असायचं. वर पाहिलं तर नदी मेलेली आणि हातभर खाली ती जिवंत. काठावरच्या विहिरींना पाणी याच साठ्यातून मिळायचं. वाळूचा थर पुराचं पाणी आत धरून ठेवतो आणि पुढचे कितीतरी महिने हळूहळू सोडतो. तो थर काढला की खाली खडक किंवा चिकट माती उरते. पूर येतो आणि निघून जातो. मग गावात टँकर येतो.

टँकरचा खर्च वाळूच्या पावतीवर कधी लिहिलेला पाहिलाय?

मला हा सगळ्या गोष्टीचा गाभा वाटतो. हॉलसँड्समध्ये वाळू लाटा अडवत होती, डोरोमध्ये पुलाचा खांब धरून होती, भीमेत पाणी साठवत होती. तिचं काम ती पडल्या जागी करत होती, फुकट. आपण तिची किंमत लावतो ती उचलण्याची आणि वाहण्याची. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये वाळू स्वस्त मिळावी म्हणून ६०० रुपये ब्रास हा दर जाहीर केला, २०२५ मध्ये धोरण पुन्हा बदललं. दर किती असावा यावर बरीच चर्चा झाली. पण कुठल्याही दरात आटलेली विहीर, खचलेला काठ, ट्रकांनी फोडलेला गावचा रस्ता मोजलेला नसतो. हा खर्च काठावरचं गाव भरतं, आणि गावातही आधी ती बाई भरते, जिला पाण्यासाठी आणखी लांब जावं लागतं.

आणि वाळू काढणारेही बऱ्याचदा त्याच गावचे असतात. दुष्काळी पट्ट्यात शेतीवर भागत नाही, ट्रॅक्टरचा हप्ता डोक्यावर असतो. रात्रीच्या दोन खेपांत जे सुटतं ते महिनाभर शेतात राबून सुटत नाही. मग नंबरप्लेट नसलेले ट्रॅक्टर, वाटेत उभी केलेली पोरं, कोण येतंय हे कळवणारे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. अडवायला गेलेल्या तलाठ्याच्या, तहसीलदाराच्या अंगावर वाहन घातल्याच्या बातम्या आपण इतक्यांदा वाचल्या आहेत की त्या आता आतल्या पानावर येतात. 'वाळूमाफिया' हा शब्द वापरला की सगळं समजल्यासारखं वाटतं. पण माफिया म्हणजे वरची चार माणसं. खालची चाळीस त्याच नदीच्या काठची असतात आणि त्यांच्याच विहिरी आटत असतात.

किती येते, किती जाते

मग घरं बांधायचीच नाहीत का? बांधायचीच. घरकुलाच्या यादीत नाव लागलेल्या माणसाला नदीचं तत्त्वज्ञान ऐकवण्यात अर्थ नाही. पर्यायही आहेत. दगड फोडून केलेली कृत्रिम वाळू आता बऱ्याच बांधकामांत वापरतात. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा दळून वापरता येतो. कृत्रिम वाळू नदी वाचवते, पण तिच्यासाठी कुठलीतरी टेकडी फोडावी लागते, त्यामुळे तिलाही मोजमाप हवंच.

खरा प्रश्न वर्थ यांनी हॉलसँड्सच्या किनाऱ्यावर विचारलेलाच आहे. इथे नवीन वाळू येते का? नदीत ती येते, पण वरून वाहत आली तरच. भीमेवर उजनी धरण झालं १९८० मध्ये. धरण पाणी अडवतं तशी वाळूही अडवतं. खाली नीरा येऊन मिळते, पण तिच्यावरही वरच्या अंगाला वीर धरण आहे. म्हणजे पंढरपूरच्या वाळवंटातली बरीचशी वाळू धरणांच्या आधीच्या पुरांनी आणलेली असणार. तेवढ्यापुरतं ते वाळवंट हॉलसँड्सच्या किनाऱ्यासारखंच आहे. जुनी शिल्लक, जिच्यात नवीन भर फार थोडी पडते. आणि आपण दरवर्षी तिच्यातून काढतोय, जणू ते पीक आहे.

केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१६ मध्ये आणि मग २०२० मध्ये वाळूउपशाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत याच प्रश्नाला जागा आहे. पात्रात दरवर्षी किती वाळू नव्याने भरते याचा अभ्यास करायचा आणि उपशाची मर्यादा त्यावरून ठरवायची. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्याचा 'जिल्हा सर्वेक्षण अहवाल' तयार करायचा आणि तो जिल्ह्याच्या वेबसाइटवर ठेवून लोकांचं म्हणणं मागवायचं. म्हणजे तो तुमच्या फोनवर उघडू शकतो. वाचायला कंटाळवाणा आहे, तक्तेच तक्ते. पण त्यात तुमच्या नदीचं नाव असतं, घाटांची यादी असते आणि किती ब्रास काढायची तो आकडा असतो.

तो आकडा कसा काढला, पुराच्या आधी आणि नंतर पात्र खरंच मोजलं का, वरच्या धरणाचा विचार केला का, एवढे तीन प्रश्न ग्रामसभेत विचारायला कोणी इंजिनियर असावं लागत नाही. १८९७ मध्ये हॉलसँड्सच्या लोकांना 'धोका नाही' एवढंच सांगितलं गेलं. किती येते आणि किती जाते, हा हिशेब त्यांच्यासमोर कोणी ठेवला नव्हता, आणि वर्थ यांनी तो ठेवला तोवर साडेसहा लाख टन जाऊन चुकले होते. आपल्याला तो लिलावाच्या आधी मागता येतो.